आक्काची गाडी विमानापर्यंत

आक्का आता तासगावात घरी आहे. सकाळी तुळशीपासून फाटकापर्यंत वीस फेऱ्या मारते, मोजून. शाळेत शिकवायला परत जाता येणार नाही हे तिनं मनाशी पक्कं केलंय, पण संध्याकाळी गल्लीतली चार पोरं मास्क लावून ओसरीच्या बाहेर बसतात आणि ती आतून त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. मला लिहायचंय ते तिला सांगलीतून चेन्नईला हलवलं त्या सकाळबद्दल आणि त्याआधीच्या दोन-तीन दिवसांबद्दल. आमच्यासारख्या घरात विमान ठरवायची वेळ आली की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही, आणि आम्हालाही कळलं नव्हतं.

आक्काची फुप्फुसं दोन वर्षांपासून आवळत चालली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिला मिनिटाला पंधरा लिटर ऑक्सिजन लागायला लागला. बुधवारी संध्याकाळी सांगलीच्या डॉक्टरांनी दाजींना आणि मला खोलीत बोलावून सांगितलं की आता फुप्फुस बदलायचा विचार करायचा तर चेन्नईला न्या, तिथलं हॉस्पिटल बेड द्यायला तयार आहे, पण रस्त्यानं नेऊ नका. हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, अठरा-वीस तास, तेवढं ती सोसणार नाही. कोल्हापूरहून रोजची जी प्रवासी विमानं सुटतात त्यांत स्ट्रेचर आणि एवढा ऑक्सिजन चालणार नाही, असं कंपनीच्या माणसानं फोनवर स्पष्ट सांगितलं. उरली एअर ॲम्ब्युलन्स.

त्या रात्री घरात जो तो फोनला लागला. काकांचं म्हणणं, कऱ्हाडला उतरवा, तिथं गर्दी नाही, मोठमोठे नेते तिथंच उतरतात. खरंय, उतरतात. कऱ्हाडची धावपट्टी १९५५ सालची, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली. पण ती जेमतेम १२८० मीटर, आणि रोजची प्रवासी वाहतूक तिथं नाही. पावसाळ्यात, ढग खाली आलेले असताना, पेशंट घेऊन तिथं विमान न्यायला आमचा ऑपरेटर तयार झाला नाही. सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीचा विषय निघाला आणि तिथंच मिटला, ती कित्येक वर्षं बंद आहे. सांगलीकराच्या वाट्याला शेवटी उजळाईवाडीच येते. कोल्हापूरचा विमानतळ, १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला. आमच्या हॉस्पिटलपासून पन्नासेक किलोमीटर.

पहिला ऑपरेटर म्हणून जो माणूस फोनवर मिळाला त्यानं पाच लाख सांगितले आणि एक लाख रुपये संध्याकाळच्या आत एका बचत खात्यावर टाकायला सांगितले. दाजी टाकायला निघालेही होते. मी विचारलं, विमान कुणाचं? त्याचा नोंदणी नंबर काय? भारतातल्या विमानाचा नंबर व्हीटीनं सुरू होतो एवढं मला माहीत होतं. त्याला तो सांगता आला नाही. म्हणाला, "विमान सकाळी ठरतं, तुम्ही पैसे तर टाका." मी फोन ठेवला. दाजी माझ्यावर चिडले, त्यांना वाटलं मी वेळ घालवतोय. त्यांची चूक नव्हती, आत बायको धापा टाकत होती. पण कुणावर ही वेळ आली तर एवढं विचाराच: विमान कुणाच्या मालकीचं, त्याचा नंबर कुठला, चार्टर उडवायचा सरकारी परवाना कुणाच्या नावावर आहे त्याची प्रत, आणि सोबत डॉक्टर येणार की फक्त नर्स. ज्याच्याकडं खरं विमान आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. दुसरा ऑपरेटर बेंगळुरूचा मिळाला. त्यानं चारही गोष्टी दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर पाठवल्या. साडेआठ लाख. दाजींनी हळद विकली होती तिची पट्टी, माझी ठेव, आईच्या पाटल्या, शिक्षक सोसायटीचं कर्ज, सगळं गोळा करून गुरुवारी दुपारी पैसे भरले.

मला वाटलं, झालं. विमान येणार, आपण आक्काला घेऊन जायचं, बसवायचं.

गुरुवारी साडेचारला एका ताईंचा फोन आला. ऑपरेटरनं कोल्हापूर विमानतळावरचं सगळं काम बघायला नेमलेल्या त्या हँडलिंग एजंट. विमान उतरल्यापासून परत उडेपर्यंत जमिनीवरचं जे काही असतं ते यांच्याकडं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ॲम्ब्युलन्स विमानाच्या पायरीपर्यंत न्यायचीय ना? मग गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं लायसन्स आत्ता पाठवा."

विमान जिथं उभं राहतं त्या फरसबंद जागेला एप्रन म्हणतात. तिथं बाहेरची गाडी सहसा जात नाही. मंत्र्यांची गाडी थेट विमानाला लागताना आपण टीव्हीवर बघतो, तीसुद्धा नंबर, ड्रायव्हर आणि आत बसलेल्या माणसांची नावं आधी कळवूनच जाते. पेशंटच्या गाडीलाही त्याच गेटनं सोडतात, फक्त तसा अर्ज विमानतळ संचालकांच्या नावानं आधी जावा लागतो. अर्जात काय काय लागतं ते ताईंनी फोनवर सांगितलं आणि मी हॉस्पिटलच्या औषधाच्या बिलामागं लिहून घेतलं. गाडीचं आरसी बुक, विमा, पीयूसी. ड्रायव्हरचं लायसन्स आणि आधार. पेशंटचं, विमानातून जाणाऱ्या नातेवाइकाचं आणि फक्त विमानापर्यंत जाऊन परत येणाऱ्याचं आधार. सांगलीच्या डॉक्टरांचं प्रवासाला हरकत नसल्याचं सर्टिफिकेट, आजाराचा सारांश, आणि चेन्नईच्या हॉस्पिटलचं बेड दिल्याचं पत्र. गाडीत ड्रायव्हर आणि पेशंट धरून पाचच माणसं.

ही यादी लिहिताना वाटलं होतं की तासाभराचं काम आहे. रात्रीचे साडेदहा वाजले. हॉस्पिटलच्या केसपेपरवर आक्काचं माहेरचं नाव होतं, कारण पहिल्यांदा दाखल करताना आईनं सांगितलं तेच लिहिलं गेलं. आधारवर लग्नानंतरचं नाव. सर्टिफिकेट केसपेपरवरून निघालं, म्हणून त्यावरही माहेरचं. ताई म्हणाल्या, "भाऊ, गेटवरचा माणूस दोन नावं बघितली की दोन माणसं समजतो. बदलून घ्या." रेकॉर्ड रूमचा कारकून घरी गेला होता. त्याला विश्रामबागेतून मोटरसायकलवर परत आणला. बिचारा जेवता जेवता उठून आला आणि त्यानं तीनही कागद नव्यानं काढून दिले. त्याच्या हाताला भाताचा वास येत होता, अजून आठवतो.

दरम्यान काकांनी आमदारांच्या पीएला फोन लावला होता. तो भला माणूस, तासाभरात लेटरहेडवर पत्र पाठवलं, पेशंटला सर्वतोपरी सहकार्य करावं असं. काकांना हायसं वाटलं. मी ते पत्र ताईंना पाठवलं. त्यांनी ते ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "याच्यात गाडीचा नंबर नाही की हो. लायसन्सची मागची बाजू अजून आलेली नाही, ती पाठवा." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ज्याच्यासाठी आम्ही ओळखी शोधत बसलो होतो ते काम लायसन्सच्या मागच्या बाजूवर अडलंय. काकांनी राखीव लाउंजचंही विचारून बघितलं, आईला तिथं बसता येईल म्हणून. तो लाउंज कुणाला द्यायचा ते केंद्राच्या विमान मंत्रालयानं ठरवून दिलेलं असतं, राज्यपाल, मुख्यमंत्री, न्यायमूर्ती अशा पदांनुसार. ते आम्ही तिथंच सोडून दिलं.

शुक्रवारी सकाळी ऑपरेटरच्या डॉक्टरांचा फोन आला आणि तो सगळ्यात महत्त्वाचा होता. विमान वर गेलं की केबिनमधली हवा विरळ होते, समुद्रसपाटीपासून सहा-आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर बसल्यासारखी. धडधाकट माणसाला जाणवत नाही. आक्काला जमिनीवरच पंधरा लिटर लागत होता. म्हणून त्यांनी ठरवलं की विमान नेहमीपेक्षा खालून उडवायचं, म्हणजे केबिनमधला दाब जमिनीच्या जवळपास राखता येतो. त्यात वेळ आणि इंधन जास्त जातं. मग त्यांनी मला विचारलं, "रस्त्यात सिलिंडर किती ठेवणार?" ॲम्ब्युलन्सवाला दोन म्हणाला होता. ते म्हणाले, हिशोब करून बघा.

मी बसलो हिशोबाला. ॲम्ब्युलन्समधल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण पंधराशे लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला पंधरा लिटर धरला तर शंभर मिनिटं. पण काटा शून्यावर जाईपर्यंत थांबत नाहीत, आधीच बदलतात, म्हणजे नव्वद-पंचाण्णव धरा. दोन सिलिंडर म्हणजे तीन तासांच्या थोडं वर. रस्ता सव्वा तासाचा, चढवायला-उतरवायला पाऊण तास. दोन पुरतात. तरी मी तिसरा मागितला आणि ॲम्ब्युलन्सवाला कुरकुरला, जागा नाही म्हणाला. मी म्हटलं, मी पाय पोटाशी घेऊन बसतो, पण तिसरा ठेवा.

शनिवारी पहाटे साडेपाचला ताईंचा मेसेज: "एडीसी नंबर मिळाला. विमान सुटल्याचं कळवते, मगच पेशंट हलवा." टाइमटेबलमध्ये नसलेलं विमान उडवायचं तर आधी फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो आणि हवाई दलाकडून हा एअर डिफेन्सचा नंबर घ्यावा लागतो, तो ठराविक वेळेपुरताच चालतो. सहाला आक्काला गाडीत घेतलं. सव्वासहाला कळलं, बेंगळुरूहून विमान उडालं. आम्ही निघालो.

पाऊस पडत होता. अंकलीच्या पुलावरून कृष्णेचं पाणी गढूळ, पण पात्रात होतं. मला सारखी धास्ती शिरोलीची. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी तिथंच महामार्गावर आलं होतं आणि रस्ता बंद पडला होता. जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली फाटा, तावडे हॉटेल. आक्का डोळे मिटून होती. दाजींनी तिचा पाय धरून ठेवला होता, हात धरायला जागा नव्हती. साडेसातला आम्ही विमानतळाच्या गाड्यांच्या गेटवर होतो. पहिला सिलिंडर तेव्हाच बदलला.

गेटवरच्या सुरक्षारक्षकानं हातातला कागद बघितला, गाडीचा नंबर बघितला, मग ड्रायव्हरकडं बघितलं. "लायसन्स." त्यानं ते कागदाशी ताडलं आणि म्हणाला, "हे नाव इथं नाही."

आदल्या रात्री ठरलेला ड्रायव्हर दुसऱ्या पेशंटला घेऊन गेला होता आणि ॲम्ब्युलन्सच्या मालकानं तीच गाडी देऊन दुसरा माणूस पाठवला होता. आम्हाला कळवलं नव्हतं. मी पहाटे त्या माणसाच्या शेजारीच बसलो होतो आणि त्याचा चेहरा बघायचंही मला सुचलं नव्हतं. दाजी खाली उतरले आणि हात जोडले. काका मागच्या गाडीतून आमदारांचं पत्र घेऊन पळत आले. रक्षक वयानं लहान होता, पंचविशीचा. त्यानं पत्र वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, "काका, मला कळतंय हो. पण आत विमानं उभी आहेत. कागदावर नाव नसलेला माणूस मी सोडला तर माझ्यानंतरचाही सोडेल." त्यानं पाणी दिलं. पाऊस वाढला तसं साहेबांना वॉकीटॉकीवर विचारून गाडी गेटच्या पत्र्याच्या छपराखाली घ्यायला लावली. पण आत सोडलं नाही.

मी ताईंना फोन केला. त्या आतच होत्या. म्हणाल्या, "नव्या ड्रायव्हरच्या लायसन्सचे आणि आधारचे फोटो काढा, पुढून मागून, अंधुक नको." मी पावसात मोबाइल पदराखाली धरून, आईच्या पदराखाली, चार फोटो काढले. दुरुस्तीचा मेल गेला, संचालकांच्या ऑफिसातून होकार आला, तो गेटवर पोचला. बावीस मिनिटं लागली. त्या बावीस मिनिटांत मी फक्त सिलिंडरच्या घड्याळाचा काटा बघत होतो.

आणि तेवढ्यात वरून विमानाचा आवाज आला. दिसलं काहीच नाही, नुसते ढग. आवाज एकदा आला, फिरला, परत आला, आणि दूर गेला. ताईंचा फोन: ढग फार खाली आहेत, उतरता येत नाही, बेळगावला नेलंय.

आम्ही कुणीच काही बोललो नाही. परत हॉस्पिटलला जायचं तर सव्वा तास. थांबायचं तर किती, ते कुणालाच सांगता येईना. बेळगावहून निघायला परत फ्लाइट प्लॅन, परत नवा एडीसी नंबर. सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, तिसरा सिलिंडर आहे ना, मग पावणेदहापर्यंत बघा, नाहीतर जवळच्या कोल्हापूरच्या हॉस्पिटलात घ्या, मी तिथं बोलून ठेवतो. ताईंनी त्यांच्या बाजूनं एक गोष्ट केली जी त्यांच्या कामात धरलेली नव्हती. गाडीची तपासणी, खालून आरसा फिरवणं, बॅगा मशीनमधून काढणं, आमची झडती, हे सगळं त्यांनी त्या थांबलेल्या वेळात उरकून घेतलं, म्हणजे विमान उतरल्यावर एक मिनिट जायला नको. आक्काजवळ झडतीला महिला कर्मचारी आली. तिनं हातातलं यंत्र पांघरुणावरून हळूच फिरवलं आणि जाताना आक्काच्या पायावरचं सरकलेलं पांघरूण नीट केलं.

साडेआठनंतर पाऊस थांबला. ढग वर सरकले आणि टर्मिनलच्या नव्या इमारतीच्या कमानी दिसायला लागल्या. ही इमारत २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाली. नऊला विमान उतरलं, दोन पंख्यांचं, पांढरं, मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लहान. नऊ वाजून सात मिनिटांनी दुसऱ्या सिलिंडरचा काटा खाली आला आणि नर्सनं तिसरा जोडला. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

गेट उघडलं. पुढं विमानतळाची जीप, मागं आमची ॲम्ब्युलन्स, माणसाच्या चालीनं. जीपच्या पुढं जायचं नाही, पिवळी रेघ ओलांडायची नाही, फोटो काढायचे नाहीत, हे आधीच बजावलेलं. विमानाच्या दाराला एक उतरती फळी लावली होती. आक्काचं स्ट्रेचर तिच्यावरून आत सरकवायला चार माणसं लागली, त्यात तो पंचविशीचा रक्षकही होता. जीपमधून आमच्यासोबत तोच आला होता. विमानातल्या डॉक्टरांनी आधी त्यांचा ऑक्सिजन जोडला, बोटावरच्या यंत्रातला आकडा बघितला, मगच आमचा काढला. अठ्ठ्याऐंशी, नव्वद, एक्याण्णव. दाजी वाकून आत शिरले. दार बंद झालं.

चेन्नईला दोन तासांनी पोचले. बेड तयार होता. फुप्फुस मिळायला पुढं चार महिने गेले, पण ती वेगळी हकिकत.

मी रिकाम्या ॲम्ब्युलन्समधून परत गेटवर आलो. आत जाताना सही केली होती तशीच बाहेर येतानाही करायची. रजिस्टरमध्ये आमच्या ओळीत आधीच्या ड्रायव्हरच्या नावावर एक रेघ आणि वर बारीक अक्षरात नवं नाव होतं. त्यापुढं रक्षकानं वेळ लिहिली, ९.५२. आई छपराखाली स्टुलावर बसली होती, मांडीवर आक्कासाठी आणलेली मऊ भाताची डबी, कुणालाच द्यायची राहून गेलेली. तिनं विचारलं, "जाताना डोळे उघडले का तिनं?"

उघडले होते. दार लावायच्या आधी आक्कानं मास्कमधून काहीतरी म्हटलं होतं आणि पंख्याच्या आवाजात मला ऐकू आलं नव्हतं. दाजींनी नंतर फोनवर सांगितलं, ती म्हणत होती, आईला भिजू देऊ नका.

ॲम्ब्युलन्सच्या मालकाला मी दुसऱ्या दिवशी भेटलो. भांडलो नाही. त्याच्या ऑफिसात भिंतीवर एक फळा आहे, त्यावर विमानतळाची ट्रिप लिहिली की आता तो समोर दोन ड्रायव्हरांची नावं लिहितो, आणि दोघांचीही लायसन्सं आदल्या दिवशी मागून घेतो.

आमचे सगळे कागद मी एका निळ्या फाइलीत ठेवलेत. गेल्या महिन्यात जतहून एक जण आला होता, त्याच्या वडिलांसाठी. त्याला झेरॉक्स काढून दिल्या आणि ताईंना फोन लावून दिला.